काटा चाळीसवर

"सगुण प्यालेला होता, असं या जबाबात लिहिलंय. सही कर," पात्रांव कागद पुढे करत म्हणाला. पात्रांव म्हणजे आमच्या बसचा मालक पांडुरंग. मी ड्रायव्हर जयराम, आणि सगुण माझा कंडक्टर, अकरा वर्षांचा सोबती. मंगळवारी डिचोलीहून मयेला जाताना उजव्या वळणावर तो दारातून बाहेर फेकला गेला. मांडीचं हाड मोडून पडलाय, आणि हा म्हणे प्यालेला! अहो, काजूच्या दारूच्या, हुर्राकाच्या दिवसांतसुद्धा लिंबू सोडा पिणारा माणूस तो. एकदा दारुडा म्हणून कागदावर लागलं, की त्याला कुठला मालक बसवर घेणार?

पात्रांवने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बसमधलं यंत्र वेग नोंदतं. "बघ. सबंध वळणात चाळीस. ब्रेक नाही, पळवली नाही. मग धक्का बसला कुठून? नशेतच पडला तो."

शिरां पडो त्या काट्यावर! ब्रेक मारला की डिझेल जळतं, काटा चाळीसखाली येऊ द्यायचा नाही, हा हुकूम कोणाचा? लोक पटापट चढावेत म्हणून दार दोरीनं उघडं बांधायचं, तो कोणाचा? आणि मी बैलासारखा ऐकत राहिलो, त्याचीही लाज वाटते मला.

घरी गौरवीला विचारलं. माझी लेक, बारावीत आहे. म्हणाली, "बाबा, किती जोरात जातोय ते काटा सांगतो, कुठल्या दिशेला ते नाही. चाल तीच राहिली आणि नुसती दिशा बदलली, तरी तो प्रवेगच. बस वळते ती टायर रस्ता धरतात म्हणून. आतल्या माणसालाही कशानं तरी वळवायला हवं. नाहीतर तो आपला सरळच जातो."

सरळ! म्हणजे उघड्या दारातून.

दुसऱ्या दिवशी पात्रांवला म्हटलं, "सही करतो. आधी त्या वळणावर चला, सगुणच्या जागी उभे राहा." रिकामी बस काढली. दार मात्र मी घट्ट लावून घेतलं, मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. पात्रांव खिशात हात घालून ऐटीत उभा. वळण आलं. काटा चाळीसवर, ना ब्रेक, ना जोर. पात्रांव धाडकन दारावर आदळला आणि दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळला.

"अरे, सावकाश! मारतोस काय मला?"

"काटा बघा, पात्रांव. चाळीसच आहे."

"थांबव म्हणतो ना!"

बस कडेला घेतली. दांडा काही त्याच्या हातून सुटेना.

"सकाळपासून किती घेतलीत?" मी विचारलं. "तुम्हाला धरायला दोन हात होते. सगुणच्या एका हातात तिकिटं होती, दुसऱ्यात सुटे पैसे."

त्याचा कागद काढला, 'प्यालेला' खोडलं आणि लिहिलं: मी चाळीसनं वळण घेतलं, मालकाच्या हुकमावरून. खाली सही ठोकली आणि त्याच्या सहीसाठी पेन पुढे धरलं.