कोरडा सूर

"घुमारा बंद करा," भवानी म्हणाली.

सेतुरामचा हात बटणावरच थांबला. "आतां? मंडळी येऊं लागलीं कीं."

कुंभकोणमच्या संगीतसभेत आज या नवराबायकोचा पहिलाच कार्यक्रम होता. सेतुरामचं रेडिओदुरुस्तीचं दुकान; रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हांपासून त्यानं हे वाद्य घडवलं होतं. तार नाही, कातडं नाही. चकती फिरवली की वीजच गाऊ लागे. वाजवायची मात्र भवानी. वीणा शिकलेल्या तिच्या हातालाच चकतीवर गमक जमे.

घुमारा, म्हणजे सूर घुमवण्याची युक्ती, सेतुरामची. सभागृहामागच्या रिकाम्या भाताच्या कोठारात तो कर्ण्यातून सूर सोडी आणि पलीकडच्या टोकाच्या मायक्रोफोननं परत घेई. मग साधा सूरही देवळाच्या मंडपातून आल्यासारखा भासे.

"घुमाऱ्यांत माझें चुकलेलें झांकलें जातें," भवानी म्हणाली, "आणि तुमचें केलेलेंही. लोक कोठार ऐकतील, तुमचें यंत्र नव्हे."

"कोरडा सूर ऐकून हांसतील."

"हांसूं द्या. मज भय नाहीं."

सेतुरामनं बटणावरचा हात काढला. मग त्यानं स्वतःच मागे जाऊन कोठाराची वायर काढली.

पहिला सूर उघडाच निघाला, काडीसारखा बारीक. पुढच्या रांगेत कुणी हसलं. दोघंतिघं उठून गेले. भवानीनं मान वर केली नाही. सूर ती हळूहळू वर नेत होती. मध्येच चकती निसटली. सूर घसरला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. सेतुरामनं डोळे मिटले. भवानीनं मात्र घसरलेल्या जागेवरूनच सूर उचलला, तिथंच थोडा झुलवला आणि वर नेऊन ठेवला. आता कुणी खोकतही नव्हतं.

संपल्यावर सनईसारखं नागस्वर वाजवणारे म्हातारे महालिंग मंचाजवळ आले. त्यांनी तमिळमध्ये सेतुरामला विचारलं, "यात फुंक नाही, तरी जीव कुठून आला?"

"वाद्य मी केलं," सेतुराम तमिळमध्येच म्हणाला. "जीव हिचा."

तेवढ्यात सभेचे चिटणीस चंद्रमौळी हार घेऊन आले. रिवाजाप्रमाणे ते पुरुषाकडे, म्हणजे सेतुरामकडे वळले. तो एक पाऊल बाजूला सरला. चिटणीस क्षणभर घुटमळले, मग त्यांनी हार भवानीच्या हाती दिला.

तिनं तो स्वतःच गळ्यात घातला आणि पदर सावरून, वादक बसतात तशी, ताठ बसून राहिली.