वापरकर्ती

स्टुडिओतली टेबलं गोल होती आणि काकांचं सगळं आयुष्य चौकोनी टेबलाशी गेलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. मान खाली, हातात पेन्सिल, बोलायचं काम नाही. निवृत्तीनंतर विद्यापीठाने मोबाइल ॲप तयार करायला शिकवणारा वर्ग वयस्कर माणसांनाही खुला केल्याचं वाचलं आणि ते कुणालाही न सांगता अर्ज भरून आले. पहिल्याच दिवशी कळलं, की या वर्गाला स्टुडिओ म्हणतात आणि इथे फळ्यासमोर उभं राहून कुणी शिकवत नाही. तिघातिघांनी एकत्र बसायचं, सहा महिन्यांत एक खरंखुरं ॲप उभं करायचं, आणि शिकवणाऱ्या बाई नुसत्या टेबलांमधून फिरत प्रश्न विचारणार.

त्यांच्या टेबलावर एक मुलगी होती, तिला सगळे कॅप्टन म्हणत. दुसरा लंबू. तो कोड लिहायचा आणि पाय कुठे ठेवावेत हे त्याला कधीच सुचत नसे. काकांच्या वाट्याला शब्द आले: बटणांवरचे, सूचनांचे, चुकल्यावर दिसणारे.

ॲपची कल्पना मात्र काकांच्या घरातून निघाली. काकू चाळीस वर्षं घरी शिवणकाम करत होत्या. शाळा चौथीत सुटलेली. आकडे झरझर, पण अक्षरं एकेक करून लावायच्या. गिऱ्हाइकांची मापं एका जाडजूड वहीत, स्वतःच्या खुणांनी. खांद्याला चांदणी, कमरेला फुली. काकांनी हे सहज सांगितलं आणि कॅप्टनने टेबलावर थाप मारली. "ठरलं! मापवही. फोनमधली."

काम सुरू झालं आणि एका बटणावर अडलं.

"काका, 'सेव्ह' लिहू या ना," लंबू म्हणाला. "सगळं जग सेव्हच म्हणतं."

"'जतन करा' लिहा. शुद्ध आहे."

"शुद्ध आहे हो, पण म्हणतं कोण?"

"मी म्हणतो," काका म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. कॅप्टन हसली. "काकांनी आवाज चढवला! राहू दे रे, जतन तर जतन." आयुष्यात त्यांनी जिंकलेले वाद बोटांवर मोजण्याइतकेच. त्या दिवशी ते घरी जाताना चक्क शीळ घालत गेले.

मग बाई म्हणाल्या, आता ज्याच्यासाठी केलंत त्याच्या हातात देऊन बघा.

"मी नाही येणार," काकू म्हणाल्या. "त्या पोरांसमोर माझी फजिती कशाला?"

"अगं, मी शेजारीच बसणार आहे. अडलं की सांगेन."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

काकूंनी ठेवणीतले कपडे घातले. पर्समध्ये मापाची टेप टाकली, लागली तर असावी म्हणून.

काकू बाहेर पाणी पीत होत्या तेव्हा बाईंनी आत तिघांना नियम सांगितला. "समोरचं माणूस अडलं की आपण गप्प. कुठे अडतं तेच तर बघायचंय. कुणी मदत केली की चाचणी बाद. काका, तुमचं अक्षर छान आहे, नोंदी तुम्ही घ्या."

मी तिला कबूल केलंय, हे वाक्य काकांच्या गळ्यापर्यंत आलं. तिथे थोडा वेळ थांबलं. मग परत गेलं. निदान बाहेर जाऊन काकूंच्या कानावर घालता आलं असतं, पण तेवढ्यात कॅप्टन त्यांना हाताला धरून आत घेऊन आली.

सुरुवात झकास झाली. कॅप्टनचं माप ॲपमध्ये घालायचं होतं. काकूंनी टेप काढून तिला खरंच उभं केलं. "सरळ राहा गं. खांदे पाडून चालतेस, माझ्या वयाला काय करशील?" सगळे हसले. सातही आकडे त्यांनी भराभर भरले. मग खालचं बटण.

"ज… त… न," काकूंनी लावलं आणि थांबल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी कोपऱ्यातला मागे जायचा बाण दाबला. सातही आकडे गेले.

पुन्हा भरले. पुन्हा गेले. काकूंनी काकांकडे पाहिलं.

काकांनी लिहिलं, '२ मि. १० से. – वापरकर्ती निरीक्षकाकडे पाहते.'

तिसऱ्यांदा भरून झाल्यावर काकूंनी फोन किंचित त्यांच्याकडे कलता केला. "अहो, हे काय लिहिलंय?"

चाळीस वर्षं हा प्रश्न त्या विचारत आल्या होत्या. औषधाच्या बाटलीवर, पत्रावर, दुकानाच्या पाटीवर बोट ठेवून. आणि चाळीस वर्षं काका लगेच वाचून दाखवत आले होते. जगात कुणाला त्यांची एवढी गरज कधी लागली नव्हती. आत्ताचा शब्द तर त्यांनी स्वतःच भांडून ठेवलेला. त्यांनी मान खाली घातली. '४ मि. ५ से. – वापरकर्ती बावचळते.'

"मला नाही जमत बाई हे," काकू हळूच म्हणाल्या आणि टेप गुंडाळायला लागल्या. नीट गुंडाळलेली टेप त्यांनी सोडली आणि परत गुंडाळली.

बाई म्हणाल्या, अशा नोंदी मी अख्ख्या वर्गात पाहिल्या नाहीत.

चार दिवसांनी काका आंघोळ करून आले तर काकू त्यांची नोंदींची वही उघडून बसलेल्या. बोट एका ओळीवर.

"हे वापर का काय, ते मीच ना?"

"अगं, तशी लिहायची पद्धत असते."

"आणि पुढे 'बावचळते'. हे मात्र धडधडीत वाचता आलं. जोडाक्षर नाही त्यात."

"नियम होता गं. बोलायचं नाही असा."

"मला कुठे माहीत होता नियम?" काकूंनी वही मिटली. "मला तुम्ही माहीत होतात."

एवढंच. आवाजही चढला नाही. काका टॉवेल वाळत घालायला गेले.

दुसऱ्या चाचणीला तेच माणूस हवं होतं. काकांची विचारायची हिंमत होईना. शेवटी कॅप्टननेच फोन केला. माप लिहून झालं की तुम्ही काय म्हणता, असं तिने काकूंना विचारलं. "काय म्हणणार? वहीत ठेवलं म्हणते." लंबूने त्याच दिवशी बटण बदललं: 'वहीत ठेवा'. काकांनी मान डोलावली.

काकू आल्या. "या पोरीचं माप अर्धवट राहिलंय," एवढंच म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या, सात आकडे भरले, बटण दाबलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लंबूने टाळ्या वाजवल्या, त्या नादात त्याची खुर्ची कलंडली, सगळे खिदळले. काकूही.

बाईंनी काकांची वही घेऊन शेवटची नोंद मोठ्याने वाचली. "'वापरकर्तीने निरीक्षकाकडे एकदाही पाहिले नाही.' वा! हेच तर हवं होतं आपल्याला."

"हो," काका म्हणाले.

परतताना लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले, ओठ हलवू लागल्या. आता कुठलाही नियम नव्हता. काका घाईने पुढे झाले. "अगं, लिफ्ट दुरुस्तीसाठी—"

"थांबा," काकू म्हणाल्या. "वाचतेय मी."

काका थांबले. काकूंचं बोट एकेका अक्षराखाली सरकत होतं. मधल्या जोडाक्षराशी ते बराच वेळ घुटमळलं आणि मग पुढे गेलं. वाचून झाल्यावर काकू वळल्या आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या.