तिसांपैकी बारा

निष्कर्ष आधी: उत्तर चुकलं. पुस्तक म्हणतं, एक ग्रॅम स्पिरिट जळलं की जवळजवळ तीस किलोज्यूल उष्णता निघते. नववीच्या मुलींना मिळाली बारा.

उद्देश, फळ्यावर लिहिलेला: इंधनाची उष्णता मोजणे.

उद्देश, न लिहिलेला: प्रयोगाची खोली वाचवणे. मोडके बाक ठेवायला ती रिकामी करावी, असं मुख्याध्यापिकांच्या मनात होतं. आधी एक प्रयोग बघते, मग ठरवते, म्हणाल्या होत्या. त्या विज्ञानाच्या बाईंच्या सख्ख्या नणंद. घरी अगं-तुगं, शाळेत मात्र काटेकोर ‘तुम्ही’. भावजयीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको.

साहित्य: स्पिरिटचा दिवा, तराजू, तापमापी, पत्र्याच्या डब्यात पाणी. मागच्या बाकावर नणंद, हाताची घडी घालून.

कृती: दिवा तोलला, पेटवला, पाणी चांगलं तापल्यावर विझवला, पुन्हा तोलला. जेवढं वजन घटलं तेवढं स्पिरिट जळलं. मुलींनी गुणाकार-भागाकार केले. बारा. पुन्हा केले. बाराच.

बाकीची अठरा गेली कुठे, मुख्याध्यापिकांनी विचारलं. हवेत, बाई म्हणाल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने, जिला सगळे वकीलबाई म्हणत, बाजू मांडली की दिव्याने आपलं काम चोख केलं, पाण्यानेच मनावर घेतलं नाही.

बाईंनी ताजं पाणी ओतलं, काडी ओढली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“अगं, झाकण ठेव ना आधी. रोज काय सांगते मी?”

“हो ताई,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुख्याध्यापिका कानापर्यंत लाल. मग वकीलबाई फिसकन हसली आणि कुणालाच आवरेना, त्या दोघींनासुद्धा.

कृती, दुसऱ्यांदा: पुठ्ठ्याचं झाकण, तापमापीपुरतं भोक पाडून. दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा. उत्तर सतरा.

“तीस कधी येतील तुमचे?” मुख्याध्यापिका पुन्हा ‘तुम्ही’वर आल्या होत्या.

बाईंनी खरं ते सांगितलं. या डब्यात तीस येणार नाहीत. दर वेळी काहीतरी सुधारायचं, थोडे वाढवायचे.

“म्हणजे वर्षभर चालणार हे.”

“चालेल.”

मुख्याध्यापिका उठल्या. शिपायाला हाक मारून म्हणाल्या, मोडके बाक जिन्याखाली लावून घ्या, इथं जागा नाही.