कपाटातला डबा आणि नाथाभाऊंची निळी मिशी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हात आहे. नुसताच हात. पोट नाही, म्हणून पगारही नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी पंख्याच्या पात्यांवर रंग फवारतो. मला चालवणारी बकुळाताई मात्र बसते बदलापुरात, कुळगावच्या घरी. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की तिला माझ्यासमोरचं सगळं दिसतं. तिनं हात वळवला की मी वळतो.

आधी ती इथेच उभी राहून रंग मारायची. रंगाच्या वाफेनं तिची छाती धरली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही." मग आमचे मालक मुकेशशेठ, त्यांनी मला सेकंडहँड आणलं आणि तिची नोकरी वाचली.

पाती टांगायचं काम नाथाभाऊंचं. ते टांगणार, बाजूला सरकणार, मी रंगवणार. मधूनच मी त्यांच्या टोपीला हळूच टिचकी मारायचो. म्हणजे मारायची बकुळाताई, नाव माझं!

खंडेनवमीला आमची पूजा झाली. मला झेंडूचा हार मिळाला. माझी नजर बकुळाताईपर्यंत आणि तिचा इशारा माझ्यापर्यंत पोचवणारा वायफायचा छोटा डबा भिंतीवर होता. "नाजूक जीव, रंगाचे शिंतोडे उडतात," म्हणत नाथाभाऊंनी त्याला कुंकू लावलं, लोखंडी कपाटात गणपतीच्या फोटोशेजारी बसवलं, वायर मागच्या भोकातून घेतली आणि दार लावून टाकलं.

सुट्टी संपली आणि माझं गाडं बिघडलं. बकुळाताईचा हात थांबायचा, मी पुढेच जायचो. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसणाऱ्या काकांसारखी माझी गत! नेटवाला येऊन 'लाइन एकदम ओके' सांगून गेला. एकदा नाथाभाऊंनी पातं टांगून मान वर काढली आणि माझा फवारा सुटला. अर्धी मिशी निळी!

मी हसलो असतो, पण स्पीकरमधून बकुळाताईचं रडणं ऐकू आलं. "भाऊ, डोळ्यात गेला असता तर?"

"अगं, उरलेली पण रंगव, जोडी होईल."

मुकेशशेठ मात्र हसले नाहीत. "बस हो गया. शनिवारी शेजारच्या कॅम्प पाचमधला भंगारवाला येईल, उचलून नेईल याला. बकुळा, दुसरं काम नाही गं माझ्याकडे."

शनिवारी टेम्पो दारात लागला. बकुळाताई म्हणाली, "शेठ, शेवटचं एक पातं रंगवू द्या." तिच्यासाठी गणपतीपुढे पेढा ठेवावा म्हणून नाथाभाऊंनी कपाट उघडलं आणि मी झटकन वळलो! तिचा हात आणि मी, अगदी एकाच क्षणी. त्यांनी दार लावलं. मी पुन्हा उशिरा हसणारा काका.

"नाथाभाऊ!" स्पीकर ओरडला. "कपाट उघडा! आता लावा! परत उघडा!"

"कवायत करून घेतेस काय गं माझ्याकडून?"

"अहो, डबा कोंडलाय तुम्ही! लोखंडातून त्याचा निरोप बाहेर कसा येणार?"

मुकेशशेठनं कपाळावर हात मारला. "नाथा, तूने भगवान के साथ वायफाय को भी बिठा दिया?"

टेम्पो रिकामा गेला नाही. शेठनं कपाटाचं दार काढून दिलं. डबा परत भिंतीवर गेला, वर पुठ्ठ्याची छत्री.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमची काळजी घ्या, कुंकू लावा, पेढाही ठेवा. पण मायेपोटी कोणाला कोंडू नका. आधी विचारा, बाबा रे, इथं तुझा जीव रमतोय का?

परवा कुळगावात बकुळाताईनं हवेत टिचकी मारली आणि अंबरनाथमध्ये त्याच क्षणी नाथाभाऊंची टोपी उडाली. शपथ सांगतो, मी नव्हतो.