राणीसाहेबांची पांढरी काठी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी काठी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. माझा दुसरा तुकडा लंडनमध्ये राणीसाहेबांच्या थडग्यात आहे.

लॉर्ड थॉर्नली यांना राजवाड्याचा कारभार मिळाला, त्या मानाची खूण म्हणून मी घडले. तरुणपणी त्यांनी फ्लँडर्सच्या लढाईत नाव कमावले, पुढे उमरावांच्या सभेत भाषणे गाजवली. पण पायाच्या वाताने त्यांना जेरीस आणले होते. म्हणून त्यांनी मला चांगली जाडजूड करवून घेतली. त्यांच्या पत्नी लेडी हॅरिएट हसल्या.

"अहो, ही टेकायला नसते. राणीसाहेब गेल्या की मोडायची असते, विसरलात?"

"जरा शुभ बोल की!"

पुढे कितीतरी वर्षे मी दिमाखात मिरवले. मला पाहून दारे उघडत, माना लवत. तो मान माझाच आहे असे मला वाटे, वेडी कुठली! फक्त लॉर्ड ग्रेशॉट मान लववत नसत. ते विरुद्ध पक्षाचे. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य होते.

मग राणीसाहेब गेल्या. थडग्यापाशी एकेका मानकऱ्याने चाकरी संपल्याची खूण म्हणून आपली काठी मोडून आत टाकली. आमची पाळी आली. मालकांनी जोर लावला. मी मोडेना. पुन्हा लावला, त्यांना घाम फुटला, मी जशीच्या तशी. मागे कुजबुज सुरू झाली.

"चाकरी सोडवत नाही वाटतं. नवा राजा मान्य नाही की काय?"

अशा संशयावरून तेव्हा माणसे तुरुंगात जात. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात गर्दीतून ग्रेशॉट पुढे आले आणि चक्क एक गुडघा टेकून, दुसरा वर धरून बसले.

"थॉर्नली, तुझा पाय कामाचा नाही. माझ्या गुडघ्यावर आपट."

"अरे, लागेल तुला!"

"लागू दे. भांडायला तू जिवंत नको का?"

मी कडाडून मोडले. एक तुकडा थडग्यात गेला. दुसरा ग्रेशॉटनी झग्याआड लपवला आणि बाहेर येताच मालकांच्या हाती दिला. "घे, टेकत टेकत घरी जा."

नव्या राजाने मालकांना पद दिले नाही. ते गावी परतले. आज मी लेडी हॅरिएटच्या बागेत वाटाण्याचा वेल सावरून उभी आहे. माझा रंग उडाला. कुणी मान लववत नाही, याचे कधीकधी वाईटही वाटते. उन्हाळ्यात ग्रेशॉट लंगडत येतात आणि दोघे वेलाशेजारी बसून मनसोक्त भांडतात.

मित्रांनो, मान मिळाला तर जरूर मिरवा, पण मोडता येईल इतकाच जाड ठेवा. आणि दुसऱ्या कुणावर तो मोडायची वेळ आली, तर हसू नका. आपला गुडघा पुढे करा.