चंद्राकडे तोंड

दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसायचं नाही.

गुंडूच्या पिठाच्या गिरणीवर, गच्चीत, ब्याडगी मिरच्या वाळत घातल्या आहेत.

चंद्र आकाशात स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत कापतो.

अनुसूयाचे डोळे फोटोत मिटतात.

फोनवर चामराजपेटचा नकाशा, आणि त्यावर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेली पिवळी रेघ.

रेघेच्या या टोकाला, गुंडूच्या गच्चीत, हयवदन उभे होते. ट्रायपॉडवर भाड्याची लांबलचक लेन्स. चामराजपेटातल्या छोट्या स्टुडिओत त्यांनी जन्मभर पासपोर्ट फोटो काढले होते. रेघेच्या त्या टोकाला, चार गल्ल्या पलीकडे, स्वतःच्या घराच्या गच्चीतल्या पाण्याच्या उंच टाकीवर त्यांची बायको अनुसूया उभी होती.

क्लिक ऐकू आलं की अनुसूयाचे डोळे मिटत. आधार कार्डावर मिटलेले, मुलीच्या बारशात मिटलेले. हयवदननी सगळे उपाय केले. लहान मुलांना दाखवायचा खुळखुळासुद्धा वाजवला. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या हो. मी मेल्यावर काढा, तेव्हा मिटलेलेच शोभतील." घरात तिचा एकही फोटो तिनं लावू दिला नव्हता. हयवदनना एक हवा होता. एकच, पण तिला आवडेल असा.

वाट मुलीनं काढली. संहिताच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसातली पोरं टेकड्यांवर जाऊन आकाशगंगेचे फोटो काढायची. त्यांच्याकडून तिनं हे ॲप आणलं. कुठे उभं राहिलं तर कोणत्या संध्याकाळी चंद्र कुणाच्या मागून उगवेल, ते त्यात आधीच दिसायचं.

"चंद्रापुढे आई नुसती काळी आकृती दिसेल, अप्पा. डोळ्यांचा प्रश्नच मिटला."

मग महिनाभर गिऱ्हाईक खुर्चीत कान दाखवून बसलेलं, आणि हयवदन बोटानं ॲपातला चंद्र मागेपुढे सरकवतायत. पौर्णिमेनंतरची ही एक संध्याकाळ जुळत होती. पुढची जुळेपर्यंत मधे बांधकाम चाललेल्या इमारतीचे मजले वर आले असते.

"हयवदनअण्णा, मिरच्यांवर पाय नको," गुंडू म्हणाला.

"मग ट्रायपॉड ठेवू कुठं?"

"तिथंच, कठड्याला चिकटून. स्वल्प अडचण आहे, पण तुम्हाला कुठं लग्नाचा ग्रुप फोटो काढायचाय?"

चंद्र आला. तांबूस, जरासा चेपलेला. पण कॅमेऱ्यात तो अनुसूयाला सोडून उजवीकडे निघाला. कॅमेरा डावीकडे न्यावा, तर मिरच्या. संहितानं आईला लावलेला फोन पुढे धरला.

"अनु, स्वल्प डावीकडे हो."

आकृती हलली. चंद्रापासून लांब गेली.

"अजून डावीकडे."

अजून लांब.

"अगं, डावा हात कुठला तुझा?"

"जेवते तो सोडून दुसरा. आणखी सरकले तर शेजारच्या शिवलीलाअक्कांच्या तुळशीत पडेन."

"अप्पा, चंद्र वर चाललाय," संहिता म्हणाली.

समोर बसलेल्याची डावी बाजू म्हणजे कॅमेऱ्याची उजवी. जन्मभर हेच. हयवदननी लेन्समधून पुन्हा बघितलं. काळ्या आकृतीला ना तोंड होतं, ना पाठ.

"अनु, तू तोंड कुणाकडे केलंयस?"



"चंद्राकडे," ती म्हणाली. "केवढा आलाय, अहो. तुमच्याकडे काय बघायचं, तुम्ही रोजचेच."

गुंडू हसत मिरच्यांतच खाली बसला.

"सरी, ठीक आहे. मग उजवीकडे ये. भराभर."

ती आली. एका हातात पदर, कानाशी फोन. चंद्र तिच्याभोवती पुरता बसला. हयवदन बटण दाबत राहिले.

"काढताय का? मला काही आवाज येईना."

"काढतोय."

"डोळे उघडे ठेवू?"

"ठेव."

"उघडेच आहेत. मिटावेसेच वाटत नाहीयेत."

तो फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. खिळा तिनंच ठोकला. आल्यागेल्याला ती त्यातल्या आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूवर बोट ठेवून सांगते, "यात माझे डोळे उघडे आहेत." लोक जवळ जाऊन बघतात.

लग्न ठरायच्या वेळी तिच्या माहेरून आलेल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले होते, आणि हयवदननी होकार तो बघूनच कळवला होता.