पाण्यात उतरणाऱ्यांची यादी

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला दुबईतल्या अल मनखूलमधून एक मिनीबस निघाली. आत मराठी मंडळाच्या युवा गटातली अकरा मुलं होती, वयं बारा ते सतरा. सोबत दोन मोठी माणसं. गटाची समन्वयक मैथिली, वय एकोणचाळीस. आणि सुचित्राकाकू, वय अठ्ठावन्न, ज्यांच्याकडे खाण्याच्या डब्यांचा ताबा होता. जायचं होतं रास अल खैमाला. तिथे खाडीत मोत्यांच्या शिंपल्यांची शेती आहे. बोटीने तिथवर जायचं, पाण्यात उतरायचं, दोरीला लटकवलेल्या जाळ्यांतून प्रत्येकाने तीन शिंपले काढून आणायचे आणि बोटीवर ते उघडून बघायचे, असा कार्यक्रम होता.

मंडळाच्या युवा गटाने याआधी हॉलबाहेर काही केलं नव्हतं. गणपतीतले नाच, दिवाळीतला किल्ला, फेब्रुवारीत मराठी दिनाची भाषणं. भाषणं मुलं रोमन लिपीत लिहून घेऊन पाठ करत. हॉलबाहेरची ही पहिली सहल. ती मंजूर व्हायला सहा आठवडे लागले होते. मंडळाचे सचिव सूर्यकांत यांचा समुद्राला विरोध होता. शेवटी त्यांनी एक अट घातली. प्रत्येकाच्या फॉर्मवर ‘पोहता येतं का’ हा रकाना असावा, आणि यादीखाली समन्वयकाने सही करावी, की पाण्यात उतरणाऱ्या सर्वांना पोहता येतं. ही सहल नीट पार पडली तर युवा गटाला वर्षाला तीन सहली मिळणार होत्या. नाही पडली तर गट पुन्हा हॉलमध्ये.

मैथिलीने सही केली. सही करणं हे तिचं रोजचं काम होतं. हमरिया फ्री झोनमधल्या एका केबलच्या कारखान्यात ती क्वालिटी ऑडिटर होती. कागदावर जे लिहिलंय ते कारखान्यात खरंच होतंय का, हे ती दिवसभर बघायची. अकराही मुलांच्या फॉर्मवर ‘हो’ होतं. नऊ जणांनी कोचिंगचं सर्टिफिकेट जोडलं होतं, दोघांनी लॅमिनेट करून. बोटवाल्यांचा नियम होता की मुलं पाण्यात असतील तेव्हा त्यांच्या गटातलं एक मोठं माणूस पाण्यात हवं. सुचित्राकाकूंनी ‘नाही’ लिहिलं होतं. म्हणून मैथिलीने स्वतःच्या नावापुढे ‘हो’ लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी तिने बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पूलमध्ये लेडीज बॅच केली होती. बारा सोमवार. पूल एक मीटर वीस सेंटीमीटर खोल होता. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात ती आजवर उतरली नव्हती. फॉर्म भरताना हे तिच्या मनात आलं होतं. लाइफ जॅकेट असणारच, असं म्हणून तिने पुढचा रकाना भरला.

धक्क्यावर फहद भेटला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला. बोट त्याची आणि शेतीही त्याच्या घरची. हिंदी तो दुबईतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याइतकं सहज बोलायचा. त्याच्याबरोबर तहा नावाचा एक पाणबुड्या होता, जो फारसा बोलत नव्हता.

बोट निघाल्यावर मुलांना कंठ फुटला. सगळ्यात मोठा देवांश, सतरा वर्षांचा, शाळेच्या जलतरण संघात होता. तो गॉगल कपाळावर चढवून पुढच्या टोकाला बसला होता.

“तू तीन काढलेस की मी सहा काढणार,” रेयांश त्याला म्हणाला.

“ब्रो, यू कान्ट इव्हन ओपन अ चिप्स पॅकेट.”

“खाऊन घ्या रे आधी,” सुचित्राकाकू डबा फिरवत म्हणाल्या. “पुरणपोळ्या आहेत. पाण्यात जाऊन आल्यावर भूक लागली म्हणून रडू नका.”

“काकू, पाण्यात जायच्या आधी खायचं नसतं,” केया म्हणाली. केया तेरा वर्षांची, सूर्यकांतांची मुलगी. सकाळपासून तिचं हे पहिलंच वाक्य होतं आणि ते मराठीत होतं.

“मग तू खाऊ नकोस. बाकीच्यांना तरी खाऊ दे.”

सव्वानऊला बोट तरंगणाऱ्या पिवळ्या ड्रमांच्या रांगेजवळ थांबली. ड्रमांच्या मध्ये दोर ताणलेला होता आणि दोराखाली जाळ्या. फहदने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना समोर बसवलं. पाणी सहा मीटर खोल आहे, जाळ्या दोन मीटरवर आहेत. जॅकेट घालून खाली जाता येत नाही, त्यामुळे उतरणाऱ्याने जॅकेट बोटीवर काढून ठेवायचं. जाळ्यांकडे खाली जाण्याआधी प्रत्येकाने पाण्यात कशालाही न धरता दोन मिनिटं तरंगून दाखवायचं.

“फॉर्म मैंने देखा है,” तो म्हणाला. “फॉर्म पानी में नहीं उतरता.” मग तो मैथिलीकडे वळला. “मॅडम, पहले आप. आप पानी में, तभी बच्चे पानी में.”

मैथिलीने जॅकेट काढलं. मागच्या बाजूची शिडी चार पायऱ्यांची होती. चौथी पायरी संपल्यावर तिने पाय खाली सोडला. खाली काही नव्हतं. पाणी थंड होतं आणि तळ दिसत नव्हता. उजव्या हाताने तिने शिडी धरली होती, ती सोडायची होती.

तिने सोडली आणि पुन्हा धरली. मध्ये दोनेक सेकंद गेले असतील. तेवढ्यात नाकात पाणी गेलं.

तहा तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात होता. त्याने वर मुलांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मैं पीछे से पकड़ता हूँ. दो मिनट. कोई नहीं देखेगा.”

हे शक्य होतं. तो पाठीमागून कंबरेला धरून राहिला असता, वरून ती तरंगतेय असंच दिसलं असतं, आणि फहदने घड्याळ बघून पुढच्याला बोलावलं असतं. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला असता. मैथिलीने वर पाहिलं. मुलं मागच्या कठड्याशी रांगेने उभी होती. रांगेत पहिली केया होती. तिने जॅकेट काढलं होतं आणि कठडा दोन्ही हातांनी धरला होता, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मैथिलीचा शिडीवरचा हातही तसाच होता.

“आंटी, इज इट ओके?” केयाने विचारलं.

“नाही,” मैथिली म्हणाली. मग तिने ते मोठ्याने सांगितलं, आधी मराठीत आणि मग फहदसाठी हिंदीत. “मला पोहता येत नाही. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं.”

ती शिडी चढून वर आली. सुचित्राकाकूंनी टॉवेल पुढे केला. “अगं, मग लिहिलंस कशाला?”

“नाहीतर सहल झाली नसती.”

“आता तरी कुठे होतेय?”

मैथिलीने तोंड पुसलं आणि मुलांसमोर उभी राहिली. “आता मी एक विचारणार आहे. कोणी हसायचं नाही आणि घरी कोणाचं काही सांगायचं नाही. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात कोण कोण पोहलंय? जे पोहलेले नाहीत त्यांनी हात वर करा.”

आधी केयाचा हात वर गेला. मग अस्मीचा, मग रेयांशचा. थोड्या वेळाने आणखी चार. अकरापैकी सात. लॅमिनेट केलेली दोन्ही सर्टिफिकेटं या सातांतल्याच दोघांची होती.

देवांशचा हात खाली होता. “बट आय कॅन स्विम,” तो म्हणाला. “वुई फोर कॅन. व्हाय आर वुई नॉट गोइंग?”

“पाण्यात आपल्यातलं मोठं माणूस हवं. तो नियम आहे.”

“तहा आहे ना.”

मैथिलीने फहदकडे पाहिलं. फहदने नकारार्थी मान हलवली. “तहा मेरा आदमी है. आपका आदमी चाहिए. सॉरी हबीबी.”

“दिस इज सो अनफेअर, आंटी. सकाळी पाचला उठलो मी.” देवांशने गॉगल काढून पिशवीत टाकला. “तुम्हाला येत नव्हतं तर दुसरं कोणीतरी आलं असतं. माझे बाबा आले असते.”

“आले असते,” मैथिली म्हणाली. “चूक माझी आहे.”

देवांश पुन्हा पुढच्या टोकाला जाऊन बसला. परतीपर्यंत तो तिच्याशी बोललाच नाही.

तहाने एकट्याने जाऊन एक जाळी वर आणली. मुलं डेकवर गोल करून बसली आणि फहदने सुरीने शिंपले उघडून दाखवले. पहिल्या चारांत काही नव्हतं. पाचव्यात मुगाच्या दाण्याएवढा एक मोती निघाला. मुलांनी फोन काढले. फहदने सांगितलं, असा मोती तीनशे दिरहॅमला जातो.

“म्हणजे सात हजार रुपये!” सुचित्राकाकू म्हणाल्या. “या एवढ्याशाचे?”

“काकू, गिळू नका,” रेयांश म्हणाला, आणि जरा वेळ सगळे हसले. मोती शेतीचा होता. फहदने तो एका डबीत टाकून खिशात ठेवला.

पावणेअकराला मैथिलीचा फोन वाजला. सूर्यकांत होते. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला त्यांना पाण्यातले फोटो हवे होते.

“पाण्यातले फोटो नाहीत, सूर्यकांत सर. कोणीच उतरलं नाही.” झालं ते तिने तीन-चार वाक्यांत सांगितलं. स्वतःचं आधी, मग सात हातांचं. कुणाची नावं सांगितली नाहीत.

“अगं, पण मैथिली, थोडं मॅनेज करायचं ना. त्यांचा पाणबुड्या होता म्हणतेस. दोन मिनिटांचा प्रश्न होता.”

“माझ्यानंतर मुलं उतरली असती.”

“मुलांचं काय? मुलांना येतं. सर्टिफिकेटं आहेत. आमच्या केयाने तीन लेव्हल केल्यात.”

मैथिलीने केयाकडे पाहिलं. केया चार फुटांवर बसून सगळं ऐकत होती. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

“बाबा, इन आवर पूल आय कॅन स्टँड.”

सूर्यकांतांनी काहीतरी विचारलं.

“नो, आय वॉजन्ट स्विमिंग. आय वॉज वॉकिंग. हात फक्त हलवत होते.” मग ती म्हणाली, “तीनही लेव्हलला.”

केयाने फोन कानापासून दूर धरून कॉल चालू आहे का ते बघितलं.

“बाबा, आर यू देअर?”

ते होते. त्यांनी काय विचारलं ते मैथिलीला ऐकू आलं नाही. केया म्हणाली, “कारण तुम्ही प्रत्येक वेळी वरून व्हिडिओ काढत होतात,” आणि फोन परत दिला.

सूर्यकांतांचा आवाज आता सावकाश येत होता. “समितीला काय सांगायचं ते माझं मी बघतो. पण त्या यादीखाली तुझी सही आहे. मला ती दाखवावी लागेल.”

“दाखवा.”

“तुझं समन्वयकपद राहणार नाही, मैथिली. सहलीही नाहीत. किमान या वर्षी तरी.”

“बरोबर आहे.”

“बाकीच्या सहा जणांची नावं?”

“ती मी देणार नाही. त्यांच्या घरी मी स्वतः जाईन, एकेक करून. ज्यांच्या-त्यांच्या आई-वडिलांनाच सांगेन.”

“केया पोहत नाही हे आणखी कोणाला कळलंय?”

“बोटीवरच्या सगळ्यांना.”

त्यांनी फोन ठेवला. सुचित्राकाकू डबे बंद करत होत्या. निम्म्या पुरणपोळ्या उरल्या होत्या. त्यांनी दोन कागदात गुंडाळून तहाला दिल्या.

फहदने इंजिन सुरू करण्याआधी मैथिलीला जवळ बोलावलं. तिने बुकिंगच्या वेळीच पुढच्या सहलीसाठी मार्चमधली एक तारीख त्याच्याकडे धरून ठेवली होती. ती तशीच ठेवायची का, असं त्याने विचारलं.

“नाही. सोडून द्या.”

“कोई बात नहीं मॅडम. मार्च दूर है. आप तब तक सीख लेना. इन्शाल्ला, आप आओगे.”

“मी शिकेन,” ती म्हणाली. “पण ती तारीख मंडळाची होती. कॅन्सलच लिहा.”

फहदने फोनवर तारीख शोधली, तिच्यापुढे ‘कॅन्सल’ लिहिलं आणि मैथिलीला दाखवलं. तिने ते वाचलं, आणि तो इंजिनकडे गेला.